बटण तुम्ही दाबायचं

भाड्याची खोली बघायला मी गेले तेव्हा घरमालक काकांनी मला तीन प्रश्न विचारले. रोज किती बादल्या पाणी लागतं? गावी जाताना नळाची तोटी बंद करायची सवय आहे का? आणि तुमच्याकडं कॉम्प्युटर हाय का, असला तर त्यात सिस्टिम कोणती?

पहिले दोन प्रश्न मला अपेक्षित होते. दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. शहराच्या गारखेडा भागात पाच-सहा दिवसांनी एकदा नळ यायचा, आणि पाण्याचं न विचारता खोली देणारा घरमालक त्या वर्षी शहरात सापडला नसता. तिसऱ्या प्रश्नाला मी म्हणाले, "लॅपटॉप आहे. सिस्टिम म्हणजे... जी असते ती."

"जी असते ती," काका काकूंकडे वळून म्हणाले. "ऐकलं का? मॅडम कॉलेजात शिकवतात."

"तुम्ही आधी खोली दाखवा," काकू म्हणाल्या. "तिला राहायचंय. तुमची परीक्षा द्यायला नाय आली ती."

मी त्या खोलीत पाच वर्षं राहिले. पुढे दुसरीकडे राहायला गेले तरी रविवारी त्यांच्याकडे जाणं सुटलं नाही. काका गेले त्याला आता दीड वर्ष झालं.

ते मूळचे पिशोरचे. घरी शेती होती, पण हे टेलिफोन खात्यात लागले आणि तीस वर्षं खांबांवर चढले. उंच, सडपातळ, शर्टाच्या खिशात एक पेन आणि एक टेस्टर. निवृत्तीनंतर पेन बदलत गेलं, टेस्टर तोच राहिला. एकदा रद्दीच्या दुकानात त्यांना कॉम्प्युटरचं एक जुनं मासिक मिळालं. त्याला एक सीडी चिकटवलेली होती, तिच्यात लिनक्स होतं, म्हणजे कॉम्प्युटर चालवणारी एक सिस्टिम. फुकट वापरा, उघडून बघा, बदल करा, दुसऱ्याला द्या, असं त्यावर लिहिलेलं. काकांना आधी ती फसवणूक वाटली. फुकट देणारा माणूस "दुसऱ्याला द्या" कशाला म्हणेल, हे त्यांना कळेना. म्हणून त्यांनी ते स्वतःच्या कॉम्प्युटरवर बसवून बघितलं. सहा वेळा बिघडलं, सातव्या वेळी चाललं. तेव्हापासून ओळखीच्या प्रत्येक माणसाच्या कॉम्प्युटरमध्ये ते बसवणं हेच त्यांचं काम झालं. या कामाचे ते चहाशिवाय काही घेत नसत.

त्यांचं म्हणणं साधं होतं. मला त्यांनी ते जिन्यात उभं राहून सांगितलं.

"मॅडम, तुम्ही माझ्या भाडेकरू. उद्या मी म्हणलं खोली खाली करा, तर करावी लागेल का नाय?"

"लागेल."

"भिंतीला खिळा ठोकायचा तर मला इचारावं लागतं का नाय?"

"लागतं."

"मग निदान कॉम्प्युटरात तरी सोताच्या घरात राहा."

भाडेकरूला असं सांगणारा घरमालक मी दुसरा पाहिला नाही.

कामाला निघताना त्यांच्या स्कूटरवर दोन वस्तू असत. एक पोळ्यांचा स्टीलचा डबा. त्यात सीड्या बरोबर बसतात, हे त्यांनी लग्नात आलेल्या डब्यावर शोधून काढलं होतं. दुसरा पाच लिटरचा कॅन. त्यात भांडी धुतलेलं पाणी असे. त्याचं कारण मला पुष्कळ दिवस कळलं नाही. नंतर सोबत जाऊ लागले तेव्हा दिसलं. काका कुणाच्याही घरी गेले की कॉम्प्युटरसमोर बसण्याआधी त्याच्या पत्र्याला टेस्टर लावत. टेस्टर पेटला की म्हणत, "अर्थिंग गेलंय. खड्डा कुठंय?" चुकार वीज जमिनीत जाते तो अर्थिंगचा खड्डा ओला असावा लागतो, आणि दुष्काळात सगळ्या शहराचे खड्डे कोरडे पडले होते. पण पिण्याच्या पाण्याचा ड्रम मोजून वापरणाऱ्या बाईला, जमिनीत ओतायला अर्धी बादली द्या, असं कसं म्हणणार? म्हणून ते स्वतःचं पाणी घेऊन जात. मीटरच्या खाली, नाहीतर कुंपणाच्या कडेला उकिडवं बसून ते हळूहळू मातीत सोडत. शेजारचे लोक गच्चीतून बघत राहत.

"माझं भांड्याचं पाणी बी आता बिबी का मकबरा बघून आलं असंल," काकू म्हणत. "मी मात्र वर्षभरात गेले नाय."

अर्थिंग झालं की काका खुर्चीच्या मागे उभे राहत आणि दोन्ही हात पाठीमागे बांधत. इथून पुढे ते कशालाही हात लावत नसत. ज्याचा कॉम्प्युटर त्यानेच बसायचं. काका सांगणार, मालकाने करायचं. सत्तरीच्या माणसाला माऊस धरता येत नसला तरी काका वाट बघत. कुणी वैतागून म्हणालं, "काका, तुम्हीच दाबा ना बटण," तर ते मान हलवत. "मी दाबलं तर ते माझं हुतं. बटण तुम्ही दाबायचं." खात्यात तीस वर्षं लोकांनी त्यांना वायर सैल झाली म्हणून बोलावलं होतं. वायर कुठून येते ते एकानेही बघितलं नव्हतं, याचा त्यांना राग होता.

आणखी एक नियम होता. पहिल्या दिवशी ते काहीच बसवत नसत. फक्त विचारत, "ह्यात तुमचं काय काय हाय?" लोक म्हणत, काही नाही, पोरांचे गेम आहेत. "काही नाय असं कुणाचंच नसतं. उद्या येतो. तवर आठवा." एका निवृत्त तलाठ्यांनी पहाटे सहाला फोन करून सांगितलं की मुलीच्या लग्नाचे फोटो त्यातच आहेत. काका खूश झाले. नवीन सिस्टिम बसवताना जुनं सगळं पुसलं जातं, आणि पुसण्याआधी माणसाने आपलं काय आहे ते तोंडाने सांगितलं पाहिजे, असं त्यांचं मत होतं.

माझ्या लॅपटॉपवर काम झालं तेव्हा त्यांनी मला शंभर पानी वही आणायला लावली. प्रत्येक पायरी मी हाताने लिहिली. सगळं नीट बसलं, पण इंटरनेट काही लागेना. अकरा दिवस काका खालून वर येत, खाली जात, काहीतरी वाचत, परत येत. शेवटी त्यांनी त्यांच्या खोलीतून माझ्या खिडकीपर्यंत वायर ओढली. ती इतकी सरळ आणि ताठ होती की त्यांच्या जुन्या कामाची ओळख पटावी. त्या वायरवर काकू रुमाल वाळत घालत.

सगळ्यांना त्यांची सिस्टिम पचत नसे, हे सांगायला हवं. गुलमंडीच्या बाजारात त्यांच्या एका मित्राचं कापडाचं दुकान होतं. तिथे काकांनी उत्साहाने लिनक्स बसवलं होतं, पण दुकानाचं बिलाचं सॉफ्टवेअर त्यावर चालेना. शेठजींनी गुपचूप दुसऱ्या माणसाला बोलावून सगळं पहिल्यासारखं करून घेतलं. महिन्याभराने मी पडद्याचं कापड घ्यायला काकांबरोबर गेले. शेठजींनी आम्हाला दारात पाहिलं आणि पटकन मॉनिटर बंद केला.

"या या भाऊसाहेब! अरे दो चाय बोल! काय सांगू, आत्ताच लाइट गेली बघा."

डोक्यावर पंखा फिरत होता. ट्यूबलाइट चालू होत्या. काकांनी पंख्याकडे एकदा बघितलं, चहा प्यायला, माझ्यासाठी कापडाचा भाव कमी करून घेतला आणि उठले. रस्त्यावर आल्यावर म्हणाले, "जुनी दोस्ती हाय. त्याला मॉनिटर बंद करावासा वाटला, हे लई झालं. दुसऱ्यानं चालूच ठेवला असता."

शहर तेव्हा बीड बायपासच्या पलीकडे धावत होतं. रोज नवी इमारत, नवी बोअर, टँकरच्या रांगा. नव्या फ्लॅटमध्ये नवे कॉम्प्युटर येत आणि काका डबा आणि कॅन घेऊन तिथे पोचत. किती ठिकाणी त्यांचं काम टिकलं हे त्यांनी कधी विचारलं नाही. माझ्या अंदाजाने निम्म्या ठिकाणी नसावं.

पण घरातला एक कॉम्प्युटर असा होता की त्यावर त्यांची सिस्टिम मनापासून चालली. तो काकूंचा. काकूंनी पन्नाशीनंतर मराठी टायपिंग शिकून घेतलं होतं. कीबोर्डवर काकांनी कागदाची अक्षरं डिंकाने चिकटवून दिली होती. रोज दुपारी दोन ते चार काकू एका बोटाने लिहीत. आपल्या लहानपणाबद्दल लिहीत होत्या. त्यांचं माहेर दौलताबादच्या जवळ, मोठं जमीनदार घर. पुण्यातल्या लेकीसाठी लिहितेय, एवढंच त्या सांगत. काकांनीही ते कधी वाचलं नव्हतं. "तिचं हाय ते," म्हणत. दीड वर्षात शंभरच्या वर पानं झाली होती, आणि घाईही होती. काकूंना काचबिंदू होता. एका डोळ्याने दिसणं जवळजवळ बंद झालं होतं, दुसरा किती दिवस साथ देईल हे डॉक्टरही सांगत नव्हते.

माझ्या तिथल्या तिसऱ्या उन्हाळ्यात काकांनी काकूंच्या कॉम्प्युटरवर नवी आवृत्ती बसवायचं ठरवलं. अक्षरं मोठी दिसतील, डोळ्यांना बरं पडेल म्हणून. आदल्या दिवशी त्यांनी बायकोलाही तोच प्रश्न विचारला. "ह्यात तुझं काय काय हाय?"

"नवऱ्याला माहीत नाय का?"

"तोंडानं सांग."

"दोन फोल्डर हायेत. एक फोटोंचं. दुसऱ्याचं नाव 'माझं'."

दुसऱ्या दिवशी काकूंच्या डोळ्यांत औषध घातलेलं होतं, म्हणून खुर्चीवर मी बसले. काका मागे उभे. सीडीवरून कॉम्प्युटर चालू केला, एका बाजूला नवी सिस्टिम बसवायची खिडकी उघडून तयार ठेवली, दुसऱ्या बाजूला फोटोंचं फोल्डर पेन ड्राइव्हवर जायला लावलं. फोटो पुष्कळ होते, पट्टी हळूहळू सरकत होती. "हे झालं की 'माझं' घ्यायचं," काका म्हणाले, "मग पुढं."

तेवढ्यात गल्लीतून आरोळी आली, "नळ आला!"

सहाव्या दिवशीचं पाणी होतं. ते तास-दीड तास यायचं, कधी पाऊण तासातच जायचं. काका मोटर लावायला पळाले. काकू अंगणातून ओरडल्या, "अगं, पाइप धर गं कुणीतरी!" मी पळाले. हौद, तीन ड्रम, हंडे, स्वयंपाकघरातली पातेलीसुद्धा. हौदाचा पाइप लावून देऊन मी पाच मिनिटांनी आत डोकावले. पट्टी संपली होती. घाईत मला वाटलं, फोटो आणि 'माझं' दोन्ही झालं. मनात दुसरा विचार असा आला, की हे बसायला अर्धा-पाऊण तास लागतो, पाणी भरेपर्यंत होऊन जाईल. त्या वर्षांत आमची सगळ्यांचीच कामं अशी नळाच्या वेळेत बसवलेली असत. कुकर, धुणं, परीक्षेचे पेपर. समोर लिहिलेलं होतं की सगळी डिस्क पुसली जाईल, पुढे जायचं का. मी बटण दाबलं आणि ड्रमकडे धावले.

पाणी त्या दिवशी चांगलं आलं. आम्ही ओल्या पायांनी आत आलो. पडद्यावर नवीन सिस्टिम होती, अक्षरं खरंच मोठी. काकांनी माझ्याकडे बघितलं, मग पेन ड्राइव्ह उघडायला लावला. त्यात एकच फोल्डर होतं.

काकू पदराने हात पुसत आल्या. "झालं? माझं कुठंय, दाखव."

मी बोलायच्या आधी काका म्हणाले, "ते गेलं. माझ्याकडनं बटण दाबलं गेलं."

काकूंनी हातातला पदर सोडला. मग म्हणाल्या, "तुमच्याकडनं? पस्तीस वर्षांत तुम्ही माझ्या मिक्सरचं बटण दाबलं नाय. तुझा मिक्सर हाय, तू दाब, म्हणता. अन् आज दाबलं?"

"दाबलं."

"काकू, मी दाबलं," मी म्हणाले.

"ते मला कळलं गं." त्या खुर्चीवर बसल्या. "हौद भरला का?"

"भरला."

"बरं," त्या म्हणाल्या, आणि उठून आत गेल्या. त्या दिवशी दुपारी दोनला त्या झोपून राहिल्या.

काकांनी चार दिवस पुसलेलं परत काढायचा प्रयत्न केला. गाणी मिळाली, लेकीची मार्कशीट मिळाली, वीज बिलं मिळाली. काकूंच्या लिखाणातल्या तुटक सात-आठ ओळी मिळाल्या, बाकी नाही. त्या चार दिवसांत ते मला एक शब्द लागेल असा बोलले नाहीत, त्यामुळे जिन्यात त्यांच्यासमोर यायची मला जास्त भीती वाटायची. पाचव्या दिवशी मीच खाली जाऊन म्हणाले, "काकू, तुम्ही सांगा, मी टाइप करते." डॉक्टरांनी आता त्यांना पडद्यासमोर बसायला मनाईच केली होती.

काकूंनी काकांकडे बघितलं. "तू कॉलेज सांभाळ. हे रिकामेच हायेत."

"मला नाय जमायचं," काका म्हणाले. "दुसऱ्याच्या कीबोर्डाला मी..."

"मग राहू द्या."

दुसऱ्या दिवशी दोन वाजता खालून काकूंचा आवाज आला, आणि त्यापाठोपाठ काकांचा, "पुढं?" बटणांचा आवाज इतक्या अंतराने येई की मी वर बसून अक्षरं मोजू शकले असते. भांडणंही ऐकू येत.

"असं नव्हतं ते. सोयरीक घेऊन तुझा मामा आमच्याकडं बैलगाडीनं नाय, एसटीनं आलता. मी होतो तिथं."

"तुमचं तुम्ही येगळं लिहा. माझ्यात हात घालू नका."

शुद्धलेखन बघायला म्हणून ते मला कधी कधी खाली बोलावत. एका दुपारी मी अशीच मागे स्टुलावर बसले होते. काकू बहात्तरच्या दुष्काळापर्यंत आल्या होत्या. डोळे मिटून सांगत होत्या.

"तवा मी तेरा वर्षांची. आई मला अन् धाकटीला पहाटं उठवायची. तोंडाला फडकं बांधून आम्ही दुष्काळी कामावर जायचो, दुसऱ्या गावच्या हद्दीत, कुणी वळखू नये म्हणून. मी खडी फोडायची, धाकटी पाट्या टाकायची. दुपारी खायला सरकारी सुकडी मिळायची. ती अर्धी खाऊन अर्धी घरी आणायचो."

काकांचं बोट थांबलं. काकूंच्या माहेरच्यांनी सोयरीक जमवताना सांगितलं होतं की पोरीने उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलेलं नाही. तिच्या घरी दुष्काळात धान्याची कोठी लोकांसाठी उघडली होती, हे काकाच आम्हाला अभिमानाने सांगत.

"हे पहिल्या खेपेला बी लिहिलं होतं का?" त्यांनी विचारलं.

"नाय. पहिल्या खेपेला कोठीचंच लिहिलं होतं."

"मग आता?"

"तवा मी एकटी लिहीत होते. एकटीनं खोटं लिहिता येतं." काकूंनी डोळे उघडले नाहीत. "तुम्ही असे एकेक अक्षर शोधत बसता. तवर मला सगळं दिसतं. मग बोलवत नाय खोटं."

काकांनी चष्मा काढून शर्टाला पुसला, परत लावला. "सुकडीतला सु ऱ्हस्व का दीर्घ, मॅडम?"

"ऱ्हस्व," मी म्हणाले.

त्यांनी ते लिहिलं आणि म्हणाले, "पुढं?"

असं तीन वर्षं चाललं. लिखाण लग्नाच्या थोडं आधीपर्यंत येऊन थांबलं, कारण काका थांबले. दोन दिवस छातीत दुखत होतं, गॅस आहे म्हणाले, तिसऱ्या दिवशी दवाखान्यात गेले. तिथून परत आले नाहीत.

काही महिन्यांनी काकूंनी मला फोन केला. "रविवारी येतेस ना, तर दोन वाजता ये. आता लग्नाचं लिहायचंय." मी गेले, काकांच्या खुर्चीवर बसले. काकूंना आता खिडकीचा उजेड तेवढा कळतो. त्या म्हणाल्या, "लिही. हे स्वभावानं फार शांत होते. सर्वांना मदत करायचे. कुणाला कधी दुखवलं नाही."

मी लिहिलं. मी बऱ्यापैकी वेगाने टाइप करते, ओळ लगेच संपली.

"लिहिलंस?"

"हो."

"पूस," काकू म्हणाल्या. "हे गेल्यावर लोक भेटायला आले, तवा सांगितलेलं हाय ते. अन् जरा सावकाश लिहीत जा."

मी पुसलं. त्यांनी डोळे मिटले. मग म्हणाल्या, "लिही. लग्नाच्या दिवशी मांडवातला लाउडस्पीकर बंद पडला. नवरदेव बोहल्यावरून उतरून त्याची वायर धुंडाळत गेले. भटजी हाका मारताहेत, मुहूर्त टळून चाललाय, अन् मी हार धरून उभी. माझे हात दुखायला लागले."

मी एकेक अक्षर शोधल्यासारखं लिहीत होते.

"पुढं?" मी विचारलं.

"पुढं काय. लाउडस्पीकर लागला. त्यात पहिलं काय ऐकू आलं असंल, तर ह्यांचा आवाज. सगळ्या मांडवाला. 'हॅलो, हॅलो. येतंय का ऐकू?'"